साथ आधी आमच्या वहीत येते

डेंग्यूची साथ सरकारी आकड्यांत दिसायला लागते तेव्हा ती निम्मी उलटलेली असते. सप्टेंबरच्या मध्यावर वर्तमानपत्रात मथळा येतो, नगरपालिकेचं धुराचं मशीन गल्लीबोळांतून फिरू लागतं, शाळांमध्ये कोरड्या दिवसाची शपथ होते. तोवर ज्यांना ताप यायचा त्यांतल्या बऱ्याच जणांना तो येऊन गेलेला असतो. हा उशीर टाळता येण्यासारखा आहे. त्यासाठी लागणारी माहिती महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावात आज पडून आहे. ती कुणी मागत नाही, म्हणून हा लेख.

मी बार्शीत पॅथॉलॉजीची लॅब चालवते. बार्शी हे दवाखान्यांचं गाव. वैराग, पांगरी इथून पेशंट येतातच, शिवाय जिल्ह्याची हद्द ओलांडून भूम, परांडा, वाशीकडूनही येतात. तापाचा माणूस आला की डॉक्टर आधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, लिहून देतात. रिपोर्ट घ्यायला आलेले नातेवाईक विचारतात, "मॅडम, पेशी किती आहेत?" त्यांना प्लेटलेट म्हणायचं असतं, कारण डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात हे आता घरोघरी माहीत झालंय. माझी नजर मात्र आधी पांढऱ्या पेशींवर जाते. डेंग्यूत त्या प्लेटलेटच्या आधी उतरायला लागतात. तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच साडेतीन हजार, तीन हजार, कधी त्याखाली. ऑगस्टच्या एखाद्या आठवड्यात एकाच पेठेतून आलेल्या तापाच्या चार-पाच जणांच्या पांढऱ्या पेशी अशा खाली आल्या की त्या भागात काहीतरी सुरू झालंय हे आम्हाला कळतं. तेव्हा त्यांतल्या कुणाचीही डेंग्यूची चाचणी झालेली नसते. डेंग्यू हा शब्दही कुणी उच्चारलेला नसतो.

मग डेंग्यूच्या झटपट चाचणीची रॅपिड कार्डं वापरली जायला लागतात. एनएस१ हे विषाणूचं प्रथिन तापाच्या पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्या दिवसापर्यंत रक्तात सापडतं. कार्डावर दुसरी रेघ उमटली की आम्ही वहीत नाव, वय, गाव, तापाचा कितवा दिवस, कुणी पाठवलं, असं सगळं लिहितो. ही वही बऱ्याच लॅबमध्ये असते. काहींनी ती कॉम्प्युटरवर नेली आहे, काहींची अजून लाल पुठ्ठ्याची आहे. या वहीतला पॉझिटिव्ह सरकारच्या लेखी मात्र डेंग्यूचा रुग्ण नसतो. तो 'संशयित'. निश्चित रुग्ण म्हणून मोजायला एलायझा चाचणी लागते. ती ठरलेल्या केंद्रांवर होते, म्हणजे नमुना थंड डब्यातून तिथे जायला हवा. एलायझाच्या प्लेटला ९६ खळगे असतात. प्रत्येक वेळी त्यांतले काही कंट्रोलसाठी खर्च होतात, म्हणून दोन-चार नमुन्यांसाठी प्लेट लावणं केंद्राला परवडत नाही. नमुने साठू देतात. मध्ये रविवार येतो, गौरी-गणपतीची सुटी येते, कधी किट संपलेलं असतं. मग रिपोर्ट येतो, तो सरकारी पोर्टलवर भरला जातो आणि जिल्ह्याच्या तक्त्यात एक आकडा वाढतो.

आता डासाच्या बाजूने दिवस मोजा. उन्हाळी-पावसाळी हवेत एडिस इजिप्ती या डासाची अळीपासून डास होईपर्यंतची वाटचाल आठवडा ते दहा दिवसांची. त्याने तापाच्या माणसाला चावून विषाणू घेतला की तो विषाणू डासाच्या लाळेत पोचायला आणखी आठ ते बारा दिवस. मग तो दुसऱ्याला चावला की त्या माणसाला ताप यायला चार ते दहा दिवस. एका रुग्णापासून पुढच्या रुग्णापर्यंत साधारण दोन ते तीन आठवडे. आमच्या कागदपत्रांत दोन आठवडे गेले तर तेवढ्यात डेंग्यूची जवळजवळ एक पिढी पुढे सरकलेली असते. ज्या घरातला आकडा आज पोर्टलवर आला, त्या घराच्या शेजारचे लोक आज माझ्या बाकावर रक्त द्यायला बसलेले असतात.

मी एलायझाच्या विरोधात नाही. रॅपिड कार्डं चुकतात, विशेषतः आयजीएम या प्रतिपिंडाची रेघ फसवते. वर्षभरात किती जणांना डेंग्यू झाला, कुणाचा मृत्यू डेंग्यूने झाला, कोणत्या भागात कोणता विषाणू होता, हे खात्रीनेच सांगायला हवं. पण खात्री करणं आणि सावध करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याला बिनचूक आकडा लागतो, उशीर चालतो. दुसऱ्याला लवकरचा आकडा लागतो, थोडी चूक चालते. आपल्याकडे दोन्ही कामं एकाच तक्त्यावर चालली आहेत आणि त्यात सावध करण्याचं काम रोज हरतं. संगणकी मॉडेलं, कृत्रिम बुद्धिमत्ता, साथीचा अंदाज यांवर हल्ली पुष्कळ बोललं जातं. त्या चर्चेत हा साधा मुद्दा बाजूला पडतो, आणि माझ्या मते सगळं याच मुद्द्याशी अडलं आहे.

साथीचा अंदाज ही कल्पना संगणकाच्या आधीची, आणि ती आपल्याच उपखंडात वाढली. १९०८ च्या शरदात पंजाबमध्ये मलेरियाची भयंकर साथ आली. दोन महिन्यांत तीन लाखांच्या आसपास माणसं गेली. अमृतसरमध्ये तर आजारी नाही असं घर शोधावं लागत होतं. एस. आर. क्रिस्टोफर्स यांनी या साथीचा अभ्यास करून १९११ मध्ये जो अहवाल दिला, त्यात पावसाच्या जोडीने धान्याच्या महागाईवर बोट ठेवलं होतं. आधीच अर्धपोटी असलेली माणसं मलेरियाने पटापट गेली होती. पुढे सी. ए. गिल यांनी त्यावर अंदाजाची पद्धत बसवली आणि १९२१ पासून पंजाबात दरवर्षी मलेरियाचा अंदाज निघू लागला. त्यासाठी काय पाहत? जुलै-ऑगस्टचा पाऊस. मुलांच्या पोटावर हात ठेवून तपासलेली प्लीहा, म्हणजे गेल्या काही वर्षांत त्या गावाने मलेरिया किती सोसलाय आणि अंगात किती प्रतिकारशक्ती उरलीय याचा हिशेब. गव्हाचे भाव. आणि त्या त्या ठिकाणी पूर्वी तापाने झालेल्या मृत्यूंची चढउतार. सप्टेंबरच्या सुरुवातीला अंदाज काढायचा, म्हणजे ऑक्टोबरच्या ऐन साथीआधी क्विनाइन पोचवता येतं. या चार गोष्टींत काचपट्टीवरचं रक्त कुठेच नाही. पाऊस, पोट, भाव आणि जुनी नोंद यांवरून माणसं आठवडे आधी सावध होत होती. शंभर वर्षांपूर्वी हे जमत होतं, हे मला नेहमी अस्वस्थ करतं.

त्याच पंजाबच्या आज पाकिस्तानात असलेल्या भागात, लाहोरमध्ये, २०११ साली डेंग्यूने थैमान घातलं. एकवीस हजारांवर रुग्ण, साडेतीनशेच्या आसपास मृत्यू. त्यानंतर तिथल्या पंजाब माहिती तंत्रज्ञान मंडळाने, उमर सैफ यांच्या पुढाकाराने, दोन गोष्टी केल्या. फवारणीला, अळ्या शोधायला जाणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या हातात स्मार्टफोन दिले. काम झालं की जागेवरचा फोटो काढायचा, ठिकाण आपोआप नोंदलं जाणार. आणि आरोग्याची मदतवाहिनी सुरू केली. लोक फोन करायचे. कुणाला ताप, कुणाला दवाखान्याची चौकशी, कुणाची फवारणी होत नसल्याची तक्रार. या तीन लाखांहून अधिक फोनांवरून, कोणत्या वस्तीतून किती फोन येतात हे पाहून, त्या वस्तीत पुढच्या दोन-तीन आठवड्यांत डेंग्यूचे किती रुग्ण निघतील याचा अंदाज बांधता येतो, असं त्यांनी दाखवलं. हा अभ्यास २०१६ मध्ये 'सायन्स अॅडव्हान्सेस' या नियतकालिकात आला. फोन करणाऱ्यांपैकी किती जणांना खरोखर डेंग्यू होता? बहुतेकांचं ठाऊक नसणार. अंदाजाला ते ठाऊक असण्याची गरज पडली नाही. रोज, सगळ्या शहरातून, एकाच पद्धतीने फोन नोंदले गेले, एवढं पुरलं.

'एकाच पद्धतीने' हे शब्द महत्त्वाचे आहेत. भारतात डेंग्यूचे आकडे कमी नोंदले जातात याची ओरड जुनी आहे. २००६ ते २०१२ या काळासाठी डोनाल्ड शेपर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अंदाजानुसार देशात दरवर्षी सुमारे ५८ लाख लोकांना डेंग्यूचा आजार होत होता, आणि तो सरकारी आकड्याच्या २८२ पट होता. हे वाचून माणूस हबकतो. पण मॉडेलच्या दृष्टीने, नोंद नेहमीच २८२ मध्ये एक अशी ठरलेली असती तरी चाललं असतं. आकडा लहान असला तरी त्याची चढउतार खरी राहिली असती. घात होतो तो हे प्रमाण दर आठवड्याला बदलल्यामुळे. किट संपलं की रुग्ण 'घटतात'. वर्तमानपत्रात बातमी आली की तपासण्या वाढतात आणि रुग्ण 'वाढतात'. निवडणुकीच्या कामाला आरोग्य कर्मचारी गेले की गाव अचानक निरोगी होतं. अशा आकड्यांवर जगातलं कुठलंही मॉडेल उभं केलं तरी ते डासांचं वागणं सांगणार नाही, आमच्या कचेऱ्यांचं सांगेल. म्हणून पॉझिटिव्हच्या आकड्यासोबत 'किती जणांची तपासणी केली' हा आकडा हवाच. शंभरात दहा पॉझिटिव्ह आणि विसात दहा पॉझिटिव्ह यांत फार मोठा फरक आहे. तक्त्यात दोन्हीकडे दहाच दिसतात.

आपल्या राज्यातही चांगलं काम झालं आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतल्या सोफिया याकूब आणि रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी पुण्यातल्या डेंग्यूचा हवामानाशी असलेला संबंध तपासला. तो अभ्यास जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं ते असं, की पावसाळ्यात २७ अंशांच्या वरचं तापमान, ६० ते ७८ टक्क्यांमधली आर्द्रता आणि आठवड्याला दीडशे मिलिमीटरच्या आतला, पसरून पडणारा पाऊस डेंग्यूला पोषक ठरतो. आठवड्यात दीडशेच्या वर पाऊस कोसळला तर अळ्या वाहून जातात आणि डेंग्यू उलट कमी होतो. यावरून दोन महिन्यांहून अधिक आधी इशारा देता येईल असं ते म्हणतात. पुण्याच्या आरोग्य यंत्रणेने आपले आकडे दिले म्हणून हे शक्य झालं. ही मोकळीक फार दुर्मीळ आहे आणि तिचं कौतुक व्हायला हवं.

पण पुण्याचं मॉडेल उचलून बार्शीला लावता येणार नाही. आमच्याकडे दीडशे मिलिमीटरचा आठवडा क्वचित उगवतो. आमच्या भागात डासाला पाणी आभाळ देत नाही, आम्ही देतो. नळाला रोज पाणी नाही, म्हणून प्रत्येक घरात दोन-तीन निळे बॅरल, न्हाणीत सिमेंटचा हौद, गच्चीवर टाकी, दारात रांजण. पाऊस जितका लांबतो तितकं पाणी जास्त साठवलं जातं आणि जास्त दिवस साठून राहतं. आमच्या वहीत म्हणूनच कोरड्या वर्षांतही तापाची रांग लागलेली दिसते. ब्राझीलमध्ये रेचल लो आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर मांडलं. अतिपावसानंतर डेंग्यूचा धोका लगेचच्या तीन महिन्यांत वाढतो, तर दुष्काळानंतर तो तीन ते पाच महिन्यांनी वाढतो, आणि जिथे पाणीपुरवठा वारंवार खंडित होतो तिथे दुष्काळाचा हा परिणाम अधिक जाणवतो. सोलापूर, धाराशिव, लातूर, बीडसाठी कुणी मॉडेल बांधणार असेल तर माझी विनंती आहे, की पावसाच्या आकड्यांशेजारी नगरपालिकेचं पाणी सोडण्याचं वेळापत्रक ठेवा. नळाला किती दिवसांआड पाणी आलं आणि टँकरच्या खेपा किती झाल्या, हे आकडे पाणीपुरवठा विभागाकडे असतात. उपग्रहापेक्षा ते जास्त सांगतील.

ताप मोजत राहायला हवेत, हे शहाणपण बार्शीला फुकट मिळालेलं नाही. १९७३ साली इथे चिकुनगुन्याची जी साथ आली तिचं नाव विषाणूशास्त्राच्या पुस्तकांत आहे. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. गावातली एक तृतीयांशाहून अधिक माणसं आजारी पडली होती. आमच्या सासूबाई सांगायच्या, चुलीपुढे बसून भाकरी थापता येईल असा एक हात घरात उरला नव्हता. माणसं भिंतीला धरून उठायची, लोटा उचलता येत नव्हता. त्यानंतर चिकुनगुन्या देशातून जणू नाहीसा झाला. २००५ मध्ये परत आला आणि २००६ मध्ये देशभर तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्ण झाले. तीस वर्षं ज्या आजाराचं नाव कुणी काढलं नाही, त्याच्यासाठी कुणी किट घेऊन बसलेलं नसतं. अशा वेळी सावध करतं ते फक्त तापाचं मोजमाप. कशाचा ताप आहे हे कळण्याआधी, ताप वाढलाय हे कळणं.

याचं अलीकडचं उदाहरण पुरंदर तालुक्यातल्या बेलसरचं. जुलै २०२१, करोनाचे दिवस. गावात तापाचे रुग्ण वाढल्याचं प्राथमिक आरोग्य केंद्राच्या लक्षात आलं. त्यांनी काही नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला (एनआयव्ही) पाठवले, त्यांत चिकुनगुन्या निघाला. मग एनआयव्हीची माणसं स्वतः गावात आली, ४१ जणांचे नमुने घेतले. २५ जणांना चिकुनगुन्या, तिघांना डेंग्यू, आणि एका महिलेच्या नमुन्यात झिका. महाराष्ट्रातला झिकाचा तो पहिला रुग्ण. कुणीतरी आपल्या गावातले ताप मोजले होते आणि आकडा नेहमीपेक्षा जास्त आहे हे वरच्यांना सांगितलं होतं, म्हणून तो सापडला. मॉडेल म्हणजे तरी मुळात काय? अमुक आठवड्यात, अमुक गावात, नेहमी इतके ताप असतात, यंदा त्याहून किती जास्त आहेत आणि ते योगायोगाने घडण्यासारखं आहे का, हे न थकता रोज, हजारो गावांसाठी विचारत राहणारी व्यवस्था. बेलसरला हे एका सजग केंद्राने केलं. प्रत्येक ठिकाणी तसं केंद्र असेलच असं नाही, म्हणून गणित हवं.

उशिरा येणाऱ्या आकड्यांवरही उपाय आहे. ब्राझीलमध्ये फिओक्रुझ आणि फुंदासाव जेतुलियु व्हार्गस या संस्थांनी मिळून २०१५ मध्ये रिओपासून 'इन्फोडेंग्यू' सुरू केलं. आज ते देशभर चालतं. पहिल्या आठवड्यात जेवढे रुग्ण कळतात ते शेवटी किती होतात, याचा मागचा अनुभव घेऊन ते आजचा खरा आकडा किती असेल हे आजच काढतात. त्यात हवामान मिसळतात आणि प्रत्येक गावाला हिरवा, पिवळा, केशरी, लाल असा रंग देतात. तो नकाशा कुणालाही पाहता येतो. २०२४ मध्ये ब्राझीलला साठ लाखांहून अधिक संभाव्य रुग्णांची साथ सोसावी लागली, तेव्हा मॉडेल असलं की साथ येत नाही असं कुणी समजू नये. पण कुठे, किती, कोणत्या दिशेने, हे तिथल्या नगराध्यक्षाला आणि नागरिकाला एकाच वेळी दिसत होतं. आमच्याकडे आजारांच्या नोंदीसाठी सरकारचं आयएचआयपी पोर्टल आहे. गावपातळीवरचा एस फॉर्म, डॉक्टरांचा पी फॉर्म, लॅबचा एल फॉर्म अशी रचना चांगली आहे. पण खासगी दवाखाने आणि लॅब त्यात तुरळक आहेत, आणि तापाचा माणूस आधी खासगीतच जातो. शिवाय आम्ही भरलेल्या आकड्यांतून काय निघालं, हे आम्हाला परत कधी दिसत नाही. ज्याला उत्तर येत नाही ते पत्र माणूस किती दिवस लिहील?

लोकांच्या मोबाइलवरून, इंटरनेटवरच्या शोधांवरून साथ ओळखू, असंही काही जण सुचवतात. गूगलने ते करून पाहिलं आहे. फ्लूच्या आणि डेंग्यूच्या शोधांवरून अंदाज देणाऱ्या त्यांच्या सेवा निघाल्या, डेंग्यूच्या यादीत भारतही होता. २०१२-१३ च्या हिवाळ्यात त्यांच्या फ्लूच्या अंदाजाने अमेरिकेत प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट आकडा दाखवला. २०१५ मध्ये दोन्ही सेवा बंद झाल्या. लोक काय शोधतात हे बातम्यांवर ठरतं. रक्ताशी ताळा घेतल्याशिवाय असा अंदाज भरकटतोच. म्हणूनच लॅबची वही हवी. ती रक्ताच्या जवळची आहे आणि एलायझाच्या आधीची आहे.

वहीचेही दोष आहेत, ते सांगायला हवेत. सगळ्यात मोठा दोष पत्त्याचा. भूमच्या बाईचे भाऊ बार्शीत असतात, ती त्यांच्याकडे उतरते, फॉर्मवर भावाचा पत्ता देते. पुण्यात चाकणला कंपनीत असलेला मुलगा ताप अंगात घेऊन गावी येतो, आणि आमच्या वहीत तो गावचा रुग्ण होतो. डास त्याला चाकणला चावलेला असतो. गणपतीत आणि दिवाळीत हे सर्रास घडतं. शिवाय लॅब सोलापूर जिल्ह्यात आणि पेशंट धाराशिव जिल्ह्यातला, मग हा आकडा कुणाचा, यावर दोन कचेऱ्यांत पत्रव्यवहार होतो. मी एकदा हे एका अधिकाऱ्यांच्या कानावर घातलं, तर "रॅपिडच आहे ना, मग राहू द्या" असं उत्तर आलं. त्यांच्यावर माझा राग नाही. आकडा वाढला की वरून खुलासा मागवला जातो आणि आकडा कमी दिसला तर कुणी विचारत नाही, हे त्यांनाही पक्कं माहीत आहे. जोवर जास्त रुग्ण नोंदवणाऱ्याला जाब विचारला जातो तोवर कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, आकडे दबलेलेच राहणार. रुग्ण लवकर शोधणाऱ्या तालुक्याची पाठ थोपटायला हवी.

घबराट पसरेल, हा आक्षेप नेहमी येतो. इशारा चुकला तर काय? चुकू दे. काही वस्त्यांतल्या लोकांनी साथ नसताना आपले बॅरल घासले, यात कुणाचं काय गेलं? इशारा न देता साथ आली तर काय जातं, ते मी बाकावर बसलेल्या आयांच्या चेहऱ्यांवर पाहते. मूल चार दिवसांनी तापातून उठतं, घरच्यांना वाटतं बरं झालं, आणि नेमकं तेव्हाच ते खालावायला लागतं.

आणि इशाऱ्यानंतर काय करायचं हे आधी लिहून ठेवलेलं असलं पाहिजे. अमुक प्रमाण ओलांडलं की अमुक वॉर्डात दुसऱ्या दिवशी पथक जाईल, सह्यांची वाट पाहणार नाही. सिंगापूरमध्ये दीडशे मीटरच्या आत चौदा दिवसांत दोन रुग्ण निघाले की तो समूह धरून काम सुरू होतं. आपल्याकडे इशारा म्हणजे धूर. धुराने उडते डास मरतात, तेही धूर त्यांच्यापर्यंत पोचला तर. एडिस दिवसा चावतो आणि घरात, पलंगाखाली, पडद्यामागे बसतो. अळ्यांना धूर लागतच नाही. आमच्या भागातल्या एका आशाताईंबरोबर मी घरं पाहायला गेले होते. त्यांनी बॅरलमध्ये टॉर्च मारली, अळ्या उजेड पडताच वळवळत तळाला गेल्या. घरातल्या वहिनी म्हणाल्या, "कालच ओतून टाकलं होतं की सगळं!" ताईंनी बॅरलच्या आतून, पाण्याच्या रेषेच्या जरा वर बोट फिरवलं आणि बोटावर काळे बारीक ठिपके दाखवले. ती अंडी. ती कोरडी राहून महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी भरलं की फुटतात. काथ्याने घासल्याशिवाय ती पूर्ण निघत नाहीत. हे शिकवायला प्रत्येक घरात दहा मिनिटं लागतात. आशाताईंना ती दहा मिनिटं कुठल्या गल्लीत आधी द्यायची हे मॉडेलने सांगावं, एवढीच माझी त्याच्याकडून अपेक्षा आहे, आणि ती फार मोठी अपेक्षा आहे.

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी आपल्या हद्दीतल्या लॅबना रोज संध्याकाळी चारच आकडे मागावेत. तापाच्या किती जणांची सीबीसी झाली, त्यांतल्या किती जणांच्या पांढऱ्या पेशी चार हजारांखाली होत्या, किती रॅपिड चाचण्या केल्या, किती पॉझिटिव्ह आल्या. सोबत गाव किंवा वॉर्ड. नाव नको, फोन नंबर नको. हे आकडे निश्चित रुग्णांच्या तक्त्यात मिसळू नयेत, त्यांचा वेगळा तक्ता असावा आणि तो दर सोमवारी सगळ्यांना दिसावा. माझ्या व्यवसायातल्या मित्रमैत्रिणींनी कुणी मागण्याची वाट न पाहता हे सुरू करावं. आकडे पाठवायला पाच मिनिटं लागतात.

आणि वाचकांना एक विनंती. ताप आला आणि रक्त द्यायला गेलात, तर काउंटरवरच्या मुलीला गेले पंधरा दिवस तुम्ही जिथे झोपत होता तिथला पत्ता सांगा. ती विचारणार नाही. तुम्हीच सांगा.